जिभेची साक्ष

चवीविषयी बोलणे हा आम्हा टिळकवाडीकरांचा जुना छंद आहे. पहिल्या रेल्वे गेटापासून तिसऱ्या गेटापर्यंत संध्याकाळी फिरावयास निघालेली चार माणसे एकत्र आली, की हवापाणी आणि सीमाप्रश्न यांच्यानंतर तिसरा विषय निघतो तो खाण्याचा. कुंदा नेमका किती आटला म्हणजे त्याला दाणेदारपणा येतो, यंदाच्या बासमतीला गेल्या सालासारखा घमघमाट आहे की नाही, लोणी गवळ्याकडचे घ्यावे की डेअरीचे, यावर येथे वाद होतात आणि ते बहुधा निकालात निघत नाहीत. हा सारा मुलूखच पारखीचा आहे. निपाणीच्या वखारीत तंबाखूचे पान बोटांत चुरडून, नाकाशी धरून त्याची प्रत ठरविणारे व्यापारी मी पाहिले आहेत. कोल्हापूरकडील गुऱ्हाळांवर गुळव्या उकळत्या रसाचा थेंब पाण्यात टाकतो, त्याची गोळी वळते का ते बोटांनी पाहतो आणि काहिल उतरविण्याची खूण करतो. थोडा उशीर झाला तरी सबंध आधण बिघडते. या माणसांना कोणी पदवी दिलेली नसते; पण त्यांच्या नाकाचा आणि बोटांचा शब्द बाजारात चालतो.

गेली काही वर्षे आमच्या या पारखीच्या गप्पांत एक नवा विषय शिरला आहे आणि त्याचे नाव या पानांवर लिहिताना लेखणी क्षणभर अडखळते. तो विषय म्हणजे बियर. देवदर्शन, उत्सव आणि कुळाचार यांच्या वार्ता ज्या अंकात छापल्या जातात, त्याच अंकात बियरच्या चवीची चर्चा कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर आहे असे मी म्हणणार नाही. मीही देवघर असलेल्या घरातला माणूस आहे. कुलदेवतेच्या वार्षिक उत्सवाला घाट उतरून गोव्यात जाण्याचा आमच्या घराण्याचा नेम माझ्या पिढीपर्यंत तरी तुटलेला नाही. तथापि वकिलाला एक सवय जडलेली असते. ज्या पक्षाविषयी सर्वांचे मत आधीच झालेले आहे, त्याचे म्हणणे एकवार ऐकून घ्यावे असे त्याला वाटते. वाचकांनी मला तेवढीच सवलत द्यावी.

आमच्या परिचयाची सहा-सात माणसे महिन्यातून एका रविवारी दुपारी एकत्र बसतात. एक उद्यमबागेत फाउंड्रीच्या कामात असलेले अभियंते आहेत, एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक, एक डॉक्टर, एक फोंड्याहून येथे स्थायिक झालेले व्यापारी. पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा सुटीत आला की तोही असतो. मला पहिल्यांदा तेथे नेले ते त्यानेच. पेले पाहून मला औषधाच्या मापाची आठवण झाली. प्रत्येकाला ६० मिलिलिटर; त्याहून अधिक नाही. मध्ये साधे पाणी आणि बिनमसाल्याचे कुरमुरे. प्रत्येकाजवळ एक वही. पेला आधी उजेडात धरावयाचा, मग नाकाशी न्यावयाचा, मग एक घोट तोंडात घोळवावयाचा आणि काय जाणवले ते लिहावयाचे. सर्वांचे लिहून होईपर्यंत कोणी तोंड उघडावयाचे नाही. गाणे नाही, आरडाओरडा नाही. दीड तासात एका माणसाच्या पोटात एका बाटलीहून कमीच बियर जाते. शाळेतील प्रयोगशाळेचा तास आठवावा अशी ती बैठक मी कुतूहलाने पाहिली. मी स्वतः घोटभर चाखतो, कधी नुसता वास घेतो. बहुतेक वेळ ऐकतो.

ज्या बियरविषयी ही मंडळी बोलतात ती मोठ्या कारखान्यातून सर्वत्र एकाच चवीची निघणारी नव्हे. लहान प्रमाणावर, ब्रूमास्टरच्या देखरेखीखाली, वेगवेगळ्या धान्यांची आणि वासांची जी केली जाते तिला ‘क्राफ्ट बियर’ म्हणतात. आपल्या देशात तिची सुरुवात अलीकडची आहे. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ या नावाने अशा पहिल्या काही भट्ट्यांपैकी एक सुरू झाली. हा शब्द नाशिकजवळच्या आपल्या देवळालीचा गोऱ्या सोल्जरांनी केलेला अपभ्रंश आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेल्या शिपायांचे डोके फिरे, म्हणून इंग्रजीत वेडसर माणसाला हा शब्द लागला. बंगळूरला २०११ साली ‘द बिअर क्लब’ निघाला. पुढे पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने कोकम आणि मीठ घालून बियर केली. गोव्यात डिचोली तालुक्यातील लाटंबार्से या गावच्या नावाने एक भट्टी उभी राहिली आणि तिने आपल्या बियरला चक्क कोकणी नाव दिले : ‘माका दी’. ‘मला दे’ असा हट्ट लहान मूल आईपाशी धरते, त्याच शब्दांत गिऱ्हाईक दुकानदाराकडे मागणी करते, ही गंमत आमच्या फोंड्याच्या स्नेह्यांनी प्रथम सांगितली तेव्हा बैठकीतील मौनाचा नियम मोडला.

आता शास्त्राच्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुरापान हे पंचमहापातकांत गणलेले आहे. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत : गुळाची ती गौडी, पिठाची ती पैष्टी आणि तिसरी माध्वी. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाचा सविस्तर ऊहापोह आहे. ते स्वतः मुंबई उच्च न्यायालयातले वकील, म्हणून त्यांचा ग्रंथ उघडताना मला विशेष जवळीक वाटते. निबंधकारांनी बारकाईने भेद केला आहे. मुख्य सुरा म्हणजे पैष्टी, आणि ती तिन्ही वर्णांना वर्ज्य. इतर मद्ये ब्राह्मणाला वर्ज्य. या हिशेबाने पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. धान्यापासून आंबवलेली बियर म्हणजे पैष्टीचीच वंशज. आज जिला लोक सर्वांत सौम्य, म्हणून जवळजवळ निरुपद्रवी समजतात, नेमकी तीच शास्त्रकारांच्या यादीत सर्वांत वर बसते! शास्त्राचा अर्थ वकिली युक्तिवादाने वाकविण्याचा माझा हेतू नाही. ज्याला तो नियम पाळावयाचा आहे त्याने तो पाळावा. माझ्या घरात तो पाळणारी माणसे आहेत आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे.

पण याच परंपरेच्या दुसऱ्या दालनात कौटिल्य बसलेला आहे. त्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक नावाच्या पेयाची कृती तो एखाद्या दक्ष अबकारी अधिकाऱ्याप्रमाणे मापासह देतो : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे आंबवण. ज्याचे वर्तन शुद्ध असल्याचे ठाऊक आहे अशा माणसालाच थोडके माप बाहेर नेऊ द्यावे, असेही तो सांगतो. मनू निषेध करतो, कौटिल्य माप ठरवितो. दोघांनाही या पदार्थाच्या सामर्थ्याची पुरेपूर कल्पना होती. डोळेझाक दोघांनीही केली नाही.

टिळकवाडीत हा विषय आणखी एका कारणाने नाजूक आहे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथेच भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. त्या वेळी खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे आणि काँग्रेस रोडवरून आम्ही रोज जातो. दारूबंदी हा गांधीजींच्या कार्यक्रमाचा प्राण होता. घटनेच्या ४७ व्या कलमातील मार्गदर्शक तत्त्वात तो उतरला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत राहिला. या कायद्याला बलसारा यांनी आव्हान दिले, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली दिला; कायद्याचा बहुतेक भाग टिकला, औषधी आणि प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त द्रव्यांवरील बंधने गळली. त्या काळी घाटमाथ्यावर बंदी आणि घाटाखाली, पोर्तुगीज अमलातील गोव्यात, फेणी उघड्यावर, अशी स्थिती होती. एकच कुटुंब, एकच कुलदैवत, एकच बोली. आणि मध्ये एका घाटाचे अंतर पडताच एकाचा पेला गुन्हा आणि दुसऱ्याचा पाहुणचार ठरे. सीमेवर राहणाऱ्या माणसाला कायद्याची ही दुहेरी चव फार जुनी आहे.

असो. बियर म्हणजे आहे तरी काय? पाणी, धान्य, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले आणि यीस्ट, इतकेच. बव्हेरियात १५१६ साली निघालेल्या आज्ञापत्राने जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज चौथा पदार्थ वापरावयाचा नाही असे ठरविले. यीस्टचे नाव त्यात नाही, कारण आंबविणारा सूक्ष्म जीव असतो हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. लुई पाश्चरचा बियरवरील ग्रंथ १८७६ सालचा. आमच्या प्राध्यापकांनी मला हे समजावून सांगितले तेव्हा मला वाटले, यातील निम्मी विद्या तर आमच्या आजीला येत होती! जव, ज्याला आपण सातू म्हणतो, भिजवून त्याला मोड आणावयाचे आणि मग ते वाळवावयाचे, याचेच नाव माल्ट. घरी तान्ह्या बाळासाठी नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, सावलीत वाळवून सत्त्व करतात ती हीच क्रिया. मोड येताना दाण्यात जी द्रव्ये जागी होतात ती पिठूळ भागाची साखर करू लागतात. म्हणून मोडाच्या नाचणीची पेज बाळाला पचते आणि मोडाच्या जवाची बियर होते. धान्य एकच वाट चालते, फाटा पुढे फुटतो. इडली-आंबोळीचे पीठ रात्री फुगते की नाही याची चिंता करणाऱ्या गृहिणीला आंबण्याविषयी कोणी नवे काय शिकवावे? गोव्यात माडाच्या ताडीला ‘सूर’ म्हणतात. पाववाला पोदेर पूर्वी त्याच सुराने पीठ आंबवीत असे. शास्त्रातील सुरा या शब्दाचा धागा असा पावाच्या भट्टीपर्यंत पोहोचलेला आहे.

मला या बैठकीत पुन्हा पुन्हा ओढून नेले ते मात्र बियरने नव्हे, शब्दांनी. पहिल्या दिवशी वह्या वाचल्या गेल्या तेव्हा साऱ्या इंग्रजीत होत्या, आणि सगळ्यांची इंग्रजी एकच. परदेशी पुस्तकांत जी विशेषणे वाचली होती तीच उतरली होती. ज्या फळांचे वर्णन केले होते त्यांतील काही कोणी आयुष्यात खाल्लेली नव्हती. कोणाच्या जिभेला काय लागले हे त्यावरून कळेना. कोणी काय वाचले होते तेवढे कळे.

त्या दुपारी बैठक फोंड्याच्या स्नेह्यांच्या घरी होती. त्यांच्या मातोश्रींचे वय ऐंशीच्या पुढचे. सारे त्यांना माई म्हणतात. माईंनी अशा पदार्थाला ओठ लावलेला नाही आणि लावणार नाहीत. मुलाच्या या छंदाविषयीची नापसंती त्या लपवीत नाहीत. पण पाहुण्यांना कुरमुरे हवे-नको पाहावयास त्या आल्याच. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बियरचे पेले भरलेले होते. माई दोन पावले दूर थांबल्या, नाक किंचित वर केले आणि म्हणाल्या, “पिकिल्ल्या केळ्याचो वास येता. आनी लवंग कोणें घाल्या हातूंत?”

कोणीच बोलेना. प्राध्यापक हळूच म्हणाले, “माई, ना केळे घातले आहे ना लवंग.” मग त्यांनी आम्हांला सांगितले ते असे. या जातीच्या बियरचे यीस्ट आंबविताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचे द्रव्य तयार करते. पिकल्या केळ्याला त्याचा वास येतो तोही मुख्यतः याच द्रव्यामुळे. लवंगेच्या जवळचा वास देणारे दुसरे द्रव्यही तेच यीस्ट करते. जाणकार या बियरची परीक्षा करतात ती नेमकी या दोन खुणांवरून. वहीतील सहा इंग्रजी वर्णनांत केळे एकदाच आले होते, लवंग एकदाही नाही.

माईंना हे कसे कळले याचे कोडे मला घरी परतल्यावर उलगडले. त्यांनी पन्नास-साठ वर्षे सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक केला आहे. देवाला दाखविण्यापूर्वी पदार्थ चाखावयाचा नाही हा नियम. आमटीत मीठ पडले की नाही, खिरीला दूध लागले का, तोंडाकात हिंग मुरला का, हे सारे वासावरून, रंगावरून, उकळीच्या आवाजावरून ओळखावयाचे. चाखण्यास मनाई असलेल्या त्या स्वयंपाकघराने त्यांच्या नाकाला जे शिकविले, ते आमच्या मंडळींना विकतच्या पुस्तकांनी शिकविले नव्हते. संयमातून पारख कशी तयार होते याचा याहून स्पष्ट दाखला माझ्या पाहण्यात नाही.

त्या दिवसापासून वह्यांची भाषा बदलली. ठरले असे, की आपल्या घरात, गावात, आपल्या नाकाने ज्या वस्तूचा वास घेतला आहे तिचेच नाव लिहावयाचे. मग कळले की मराठीत आणि कोकणीत वासाच्या शब्दांची केवढी मालमत्ता आपण कुलपात ठेवून दिली आहे! खमंग, खरपूस, करपट, जळकट, कुबट, उबट, खवट, ओशट, तुपट, हिरवट, आंबूस. इंग्रजीत ज्याला दोन-तीन शब्द लागतात ते येथे एका प्रत्ययाने होते. काळ्या स्टाउट जातीच्या बियरला अभियंत्यांनी लिहिले, ‘तव्यावर राहिलेल्या भाकरीचा करपट पापुद्रा’. एका बियरमध्ये लोण्याचा वास होता. प्राध्यापक म्हणाले, हे डायअसेटिल, लोण्यातही हेच असते, पण येथे हा बहुधा दोष समजतात. उन्हात राहिलेल्या एका बाटलीला असा काही दर्प आला की डॉक्टरांनी खिडकी उघडली. हॉप्समधील द्रव्यांवर ऊन पडले की असे होते, म्हणूनच तपकिरी काच वापरतात. आणि हवा लागून जुनी झालेली एक बियर हुंगून मी म्हणालो, “पावसाळ्यातील कोर्टाच्या रेकॉर्ड रूमचा वास आहे.” तो बाहेरच्या जगात ‘भिजलेला पुठ्ठा’ म्हणून ओळखला जाणारा वास निघाला. वहीत आता त्या दोषाचे नाव ‘रेकॉर्ड रूम’ असेच आहे, आणि माझ्या वकिलीने या मंडळाला दिलेली ती एकमेव देणगी होय.

येथे मला आमच्या धंद्यातील एक जुना नियम आठवतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ६० व्या कलमात सांगितले होते की तोंडी पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे. पाहिलेल्या गोष्टीविषयी पाहणाऱ्याने सांगावे, ऐकलेल्या गोष्टीविषयी ऐकणाऱ्याने. आणि अन्य इंद्रियाने जाणलेल्या गोष्टीविषयी, त्या इंद्रियाने जाणणाऱ्यानेच. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण हा नियम तसाच चालत आला आहे. विद्यार्थिदशेत हे कलम पाठ करताना नाक आणि जीभ यांना न्यायालयात काय काम, असे मला वाटे. आता वाटते, की कोणत्याही शिफारशीची कसोटी हीच असावी. “अमुक बियर उत्तम” असे कोणी म्हणाला तर त्याला विचारावे : तुझ्या जिभेने सांगितले की जाहिरातीने? ऐकीव माहिती कोर्टात चालत नाही, ती पानावर तरी का चालावी?

आमच्या सीमाभागात या साक्षीला आणखी एक अर्थ आहे. परवान्यावाचून गोव्यातून मद्य आणणे कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ याखाली गुन्हा ठरतो. आमच्या मंडळींपैकी कोणी उत्सवाला किंवा कामाला गोव्यात गेला आणि त्याने तेथे काही चाखले, तर चोर्ला घाटातून परत येताना त्याला बाटली आणता येत नाही. आणता येते ते वर्णन. त्यामुळे वर्णन करणाऱ्यावर जबाबदारी येते. ऐकणाऱ्याजवळ पडताळून पाहावयास पेला नसतो; त्याने त्या शब्दांवर विसंबावयाचे असते. बाटली अडवता येते, शब्द अडवता येत नाही, आणि म्हणूनच शब्द खरा असला पाहिजे. सीमेने आमच्याकडून पुष्कळ काही घेतले. या एका बाबतीत तिने आम्हांला नेमके बोलावयास शिकविले असे म्हणता येईल.

नेमक्या बोलण्याचे सामर्थ्य किती असते याचे एक उदाहरण इंग्लंडात आहे. १९७१ साली आयर्लंडच्या सफरीवर असलेल्या चार इंग्रज मित्रांना, मोठ्या कंपन्या देशभर एकाच बेचव साच्याची बियर लादीत आहेत याचा वैताग आला आणि त्यांनी ‘कॅमरा’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली संघटना काढली. कोणत्या गावी, कोणत्या गुत्त्यात, कोणती बियर चांगली मिळते हे सदस्यांनी स्वतः चाखून लिहावयाचे आणि १९७४ पासून त्याची मार्गदर्शिका छापावयाची, एवढाच त्यांचा मुख्य उद्योग. स्थानिक पद्धतीची पिंपातील बियर तेथे टिकली, यात या नोंदींचा वाटा मोठा मानला जातो. आपल्याकडे काजूफेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली, २०१६ साली गोवा सरकारने फेणीला वारशाचे पेय ठरविले. सरकारी शिक्का आवश्यक खरा. पण भाटीवरची उत्तम हुर्राक आणि भेसळीची हुर्राक यांतील भेद शिक्का सांगत नाही. तो सांगणारी जाणती जीभ आणि ते खरेपणाने ऐकविणारा माणूस नाहीसा झाला, की कसबी माणसाचे कसबही मागोमाग जाते.

इतके लिहून झाल्यावर दुसऱ्या पक्षाची साक्षही नोंदविली पाहिजे. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका बाईच्या पोटगीच्या कामात मी तिच्या बाजूने उभा होतो. दागिने गेले होते, शेताचा तुकडा गेला होता, मुलीची शाळा सुटली होती. उलटतपासात मी नवऱ्याला विचारले, “तुम्ही रोज काय पीत होता?” तो म्हणाला, “जे मिळेल ते.” कोर्टात कोणी हसले नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी त्यानंतर पुष्कळ पाहिली, पण ते उत्तर मी विसरलेलो नाही. त्याच्या आयुष्यात दारू होती, चव नव्हती. त्या बाईच्या कपाळी जे आले त्याच्यापुढे केळ्याच्या आणि लवंगेच्या गोष्टी फार हलक्या वाटतात, आणि वाटल्याच पाहिजेत.

हे दोन रस्ते वेगळे आहेत असे म्हणून सुटका होत नाही. आमच्या अभियंत्यांच्या पत्नींनी एकदा, दारापर्यंत पोहोचवावयास आल्या असताना, मला सरळ विचारले, “वकीलसाहेब, ही चव किती दिवस चवच राहणार?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या बैठकीत मी तो प्रश्न, विचारणाऱ्याचे नाव न घेता, सर्वांपुढे मांडला. त्यानंतर प्रत्येकाच्या वहीत चवीबरोबर मापही लिहिले जाऊ लागले, बैठकीतलेच नव्हे, महिन्याभराचे. आणि ती वही घरात कोणीही उघडून पाहावी असे ठरले. काही महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून अभियंत्यांनी पिणे साफ सोडले. ते अजून येतात. पेला नाकाशी नेऊन खाली ठेवतात, सर्वांच्या नोंदी नेटक्या अक्षरांत उतरवून घेतात. त्यांना कोणीही “एक घोट घ्या हो” म्हणालेले मी ऐकले नाही.

ही शेवटची गोष्ट मला मोलाची वाटते. आपल्या पंगतींत आग्रह हा सद्गुण समजला जातो. ताटावर आडवा हात धरला तरी जिलबी पडतेच. जिलबीच्या बाबतीत ते शोभते. मद्याच्या बाबतीत आग्रहाने किती घरे बुडविली ते माझ्या दप्तरातील कागद सांगतील. या मंडळींनी शिफारस आणि आग्रह यांत भेद केला. शिफारस म्हणजे, ‘मला असे जाणवले, तू तुझे ठरव.’ साक्षीदाराने साक्ष द्यावी आणि पिंजऱ्यातून उतरावे. निकाल त्याने सांगावयाचा नसतो. शिवाय साक्षीदार शुद्धीवर असला पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या पेल्यानंतरची जीभ काहीही कबूल करते. तिची साक्ष कोणत्याही न्यायाधीशाने फेटाळावी. तात्पर्य, थांबता येणे हा चाखण्याच्या कलेतला पहिला धडा आहे. ज्याला तो साधत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. आणि ज्याने मुळीच न जाण्याचे ठरविले आहे त्याचे काही अडत नाही, हे माईंनी दाखवून दिलेच आहे.

त्या वह्यांतील वासांचे आणि चवींचे शब्द मी सध्या वेगळे उतरवून काढीत आहे. मराठी आणि कोकणी मिळून शंभराच्या आसपास जमले आहेत; त्यांतील निम्म्याहून अधिक माईंच्या आणि त्यांच्या वयाच्या बायकांच्या तोंडचे आहेत. आमच्या घरातील मुले यांतले दहा शब्दही वापरीत नाहीत. त्यांना एक तर ‘छान’ वास येतो, नाही तर ‘घाण’. वाचकांपाशी, विशेषतः ज्यांच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक चालत आला आहे अशा भगिनींपाशी, असे शब्द असतील तर त्यांनी ते संपादकांच्या पत्त्यावर अवश्य कळवावेत. बियरशी त्यांचा काही संबंध असण्याची मुळीच गरज नाही. एका शब्दाच्या शोधात तर मी कैक दिवस आहे. एप्रिलात चोर्ला घाट उतरू लागले, की झाडाखाली पडलेल्या काजूच्या बोंडांचा गोड, तुरट आणि किंचित आंबलेला असा वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत शिरतो. आमच्या वहीत त्या ओळीपुढची जागा अजून कोरी आहे.